जादूगाराचा कच्चा टाका

आमच्या जादूगाराला कुणी म्हणजे कुणी घाबरत नव्हतं, हीच तर सगळी बोंब होती.

आम्ही तीन डोकी मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होतो. कथा माझी. एक मुलगी भटकत भटकत एका गडावर येते. तिथल्या राजाचा सल्लागार असतो एक म्हातारा जादूगार, आणि तो आतल्या आत कारस्थानं करून गादी बळकावायला निघालेला असतो. मुलीने त्याचा डाव ओळखायचा आणि त्याला हरवायचं. यात जगावेगळं काही नाही, ते मलाही कळतं. पण अशा खेळाचा सगळा जीव खलनायकात असतो, आणि आमच्या खलनायकात जीवच नव्हता. लांब झगा, हातात काठी, डोळ्यांत हिरवा उजेड. तो काठी उगारायचा, गडगडाटी हसायचा आणि आपला डाव स्वतःच मोठ्याने सांगून मोकळा व्हायचा. खेळून बघायला बोलावलेली मंडळी फिदीफिदी हसत. एकाने तर मला विचारलं, "हा विनोदी आहे ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्याचं खरं होतं.

त्यात खेळाला पैसे पुरवणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्या महिनाअखेरीला स्वतः येऊन जादूगार बघणार होत्या. धडकी भरली तर पुढे जायचं, नाही तर काम तिथेच थांबवायचं. आमचा प्रमुख, ज्याला आम्ही सगळे दाढीवाला म्हणतो, तो दिवसभर दाढी ओढत बसला. मी घरी कुणाला काही बोलले नाही, पण मला रडू येत होतं. या खेळात मी माझं सगळं ओतलं होतं.

"अगं, याला कारस्थानच करता येत नाही," आमच्यातला तिसरा, ज्याला आम्ही ठिपकेवाला म्हणतो, तो वैतागून म्हणाला. "आपल्यापैकी कुणाला तरी येतं का? सगळे बावळट आपण. तुझ्या ओळखीत आहे कुणी पक्कं आतल्या गाठीचं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्या!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, धंद्याने शिंपीण. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. एक मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि पडद्याआड कपडे घालून बघायला एवढीशी जागा. जिन्यामुळे छत तिरकं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला मान वाकवूनच आत यावं लागायचं. आत्याला ते फार आवडायचं. "वाकून आलेला माणूस घासाघीस करत नाही," म्हणायची.

ती हे काम शिकली तेही डाव टाकूनच. लहान वयात एका मोठ्या शिंप्याकडे बटणं लावायला लागली. तिथला कापणारा कुणाला टेबलाजवळ फिरकू द्यायचा नाही. आत्याने त्याला रोज चहा नेऊन द्यायला सुरुवात केली. कप ठेवायला जागा हवी म्हणून टेबलावरचं कापड तीच बाजूला करायची, आणि बाजूला करता करता त्यावरच्या खडूच्या रेघा पाठ करायची. त्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगी मायाळू आहे. मायाळू होतीच, पण नुसती मायाळू नव्हती.

माझ्या वडिलांवर तिने केलेला प्रयोग तर घरात आजही सांगितला जातो. मला गोष्टी लिहायचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि बाबांनी ऑफिसातल्या साहेबांशी माझ्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. विषय काढला की बाबा तावातावाने उठून बाहेर जायचे. आत्या एका शब्दाने मध्ये पडली नाही. तिने बाबांना नवा कोट शिवायला घेतला. फिटिंगला बोलावलं, अंगावर कोट चढवला, बगलेत, कमरेला, पाठीला अशा अंगभर टाचण्या लावल्या, आणि मग शांतपणे म्हणाली, "हं, आता पोरीचं बोलू या." अंगभर टाचण्या लावलेला माणूस तावातावाने उठून जाऊ शकत नाही. बाबांनी एकदा हात उचलून बघितला आणि "आई गं" म्हणून खाली घेतला. त्या कोटाची फिटिंग संपली तेव्हा माझं कॉलेज ठरलेलं होतं.

अशी ही बाई गेलं वर्षभर गप्प होती. संधिवाताने हात धरले होते. उजव्या हाताची तर्जनी तर वाकायचीच बंद झाली. दुकान तिने सोडलं, मशीन घरी आणून त्यावर जुनी चादर टाकली आणि सुईला हात लावणं बंद केलं. "हात गेले माझे," एवढंच म्हणायची आणि खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांचे कपडे बघायची.

मी धावतच तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "आत्या, तुला जादूगार व्हायचंय."

"चांगला आहे की दुष्ट?" तिने विचारलं.

"दुष्ट. एक नंबरचा कारस्थानी."

ती खिडकीजवळून उठली. "चप्पल कुठे गेली माझी?"

आमच्याकडे एक मोठी रिकामी खोली आहे. भोवताली कॅमेरे लावलेले. अंगभर चमकते ठिपके चिकटवलेला काळा, तंग पोशाख घालायचा, बोटांसाठी वेगळे हातमोजे चढवायचे, आणि मग माणूस जसा हलेल तसा खेळातला पुतळा हलतो. ते ठिपके चिकटवतो तो आमचा ठिपकेवाला. आत्या तो पोशाख घालून बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "कुणी शिवलंय हे? बगलेत काचतंय."

मी तिला प्रसंग समजावला. मुलगी गडावर येते, जादूगार तिला पहिल्यांदा भेटतो, काठी उगारतो, खदाखदा हसतो.

"हसतोय कशाला?"

"दुष्ट आहे ना तो, आत्या."

"दुष्ट आहे का खुळा आहे? ज्याच्या मनात डाव असतो तो असा हसेल का गं? तो विचारेल, लांबून आलीस बाळ, दमली असशील, चहा घेणार? आणि ती काठी आधी टाकून दे. काठी बघितली की समोरचं माणूस सावध होतं. मला टेप दे."

"टेप? म्हणजे मापाची?"

"मग? तिला नवा अंगरखा शिवून देणार म्हणावं जादूगार. फुकटचा अंगरखा कोण नाही म्हणतंय?"

मी ठिपकेवाल्याकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. मुलीच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दाढीवाल्यालाच उभं केलं. आत्या काही न बोलता त्याच्याभोवती हळूहळू फिरली. डोक्यापासून पायापर्यंत नजर, मग पायापासून डोक्यापर्यंत. शेवटी एकच शब्द, "हं." दाढीवाला नंतर म्हणाला की त्या 'हं'ने त्याच्या पाठीला घाम फुटला.

"हात वर कर. श्वास सोड. अरे सोड की, पोट आत घेऊन मला फसवतोस होय?" असं गोड बोलत तिने माप घेतलं. हवेतल्या हवेत अंगरखा चढवला, हवेतल्या सुईने खांद्यावर टाके घातले, खडूने खुणा केल्या. ठिपकेवाला ओरडला, "झालं! कट!"

आत्याला 'कट' ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि हातांनी ऐकलं नाही. तिने दाढीवाल्याच्या खांद्यावरून नसलेल्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि सर्रकन एका हिसक्यात ओढून काढलं. मग हात झटकून बाजूला झाली.

संगणकावर आम्ही ते परत लावलं. ठिपकेवाला म्हणाला, "बाकी झकास आलंय. शेवटी एक फालतू हालचाल घुसलीय, तेवढी कापून टाकतो."

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

स्क्रीनवर आमचा म्हातारा जादूगार मुलीच्या खांद्यावरून काहीतरी ओढून काढत होता. काय, ते दिसत नव्हतं. पण मुलीचं काहीतरी कायमचं गेलं, एवढं नक्की कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

"आत्या, हे काय केलंस शेवटी?"

ती ओशाळली. "सवय गं मेली. कच्चा टाका होता ना, तो काढला."

"पण अंगरखाच नव्हता!"

"नव्हता कसा? मी मनात शिवला होता."

मग तिने त्या दोघांना समजावून सांगितलं. कपडा पहिल्यांदा पक्का शिवत नाहीत. लांब लांब टाके घालून नुसता जोडतात, त्याला कच्चा टाका म्हणायचं. अंगावर चढवला की अगदी तयार कपड्यासारखा दिसतो. दोऱ्याचं एक टोक मोकळं ठेवलेलं असतं. बाही चुकीची बसली असेल तर ते टोक ओढायचं, की अख्खी बाही गळून हातात येते. "नवं गिऱ्हाईक दचकतंच," आत्या म्हणाली. "आत्ता तर घातली होती, म्हणतं."

आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. जादूगार मुलीला अंगरखा देतो, तो कच्च्या टाक्याचा! दरी ओलांडायला पूल देतो, तोही! राजाचा नवा बुरूज, सेनापतीचं चिलखत, सगळं त्याने 'प्रेमाने' बनवून दिलेलं, आणि सगळ्याचं मोकळं टोक त्याच्या हातात! खेळणाऱ्याने तासन् तास त्याच्याच भेटी अंगावर मिरवायच्या, त्याच्याच पुलांवरून जायचं, आणि मग एक दिवस... दाढीवाला खुर्चीवर उभा राहिला. ठिपकेवाल्याने मला चक्क मिठी मारली. इतका आनंद आम्हाला खेळ सुरू केला तेव्हाही झाला नव्हता.

"एकदम मोठं नका उसवू," आत्या पाणी पीत म्हणाली. "आधी एखादं बटण पाडा. माणसाला वाटू दे, एवढंच होतं."

दाढीवाल्याने तिला वाकून नमस्कार केला.

पुढचे दिवस आम्ही भूत लागल्यासारखं काम केलं. आत्या रोज यायची. एकदा ठिपकेवाला म्हणाला, "मोज्यात बिघाड आहे वाटतं. जादूगाराचं हे बोट वाकतच नाहीये, मी सरळ करून घेतो." मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बिघाड मोज्यात नाही. आत्या दोरा ओढते तो अंगठा आणि मधल्या बोटाने, तर्जनी आपली ताठ उभी. स्क्रीनवर ते इतकं भयंकर दिसायचं की आम्ही त्याला हातच लावला नाही. आत्याने ते बघितलं आणि नुसती "हं" म्हणाली.

बाई यायच्या दिवशी तिने हट्टच धरला. "मला बघायचंय माझी सोंगं कशी दिसतात ती. मी बाहेर स्टुलावर बसेन, कुणाला कळणार नाही." मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि बजावलं की मध्ये काही बोलायचं नाही. तिने शाळकरी मुलीसारखी मान डोलावली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. गाडीतून उतरताना टाच अडकून त्यांच्या लांब कोटाची खालची दुमड उसवली होती आणि लोंबत होती. आत्या स्टुलावरून उठली. "अगं बाई, अशा कशा आत जाणार? थांबा, उभ्या उभ्याच टाका घालते. काढू नका कोट." मग माझ्याकडे वळून, "दोरा ओव गं."

पर्समधून तिने सुईची डबी काढली. ती डबी जन्मभर तिच्या पर्समध्ये आहे, पण वर्षभरात मी ती उघडलेली बघितली नव्हती. मी दोरा ओवून दिला. आत्या खाली बसली आणि दुमडीला टाके घालू लागली. टाके लांब लांब पडत होते, वेडेवाकडे. एके काळी हिचा टाका शोधून सापडायचा नाही, आणि आता बोटं बिचारी एवढंच करू शकताहेत. मी दुसरीकडे बघितलं.

"झालं हो. जा आता," आत्या म्हणाली, आणि बाई आत गेल्या. आत्याही स्टूल घेऊन हळूच मागोमाग आली आणि दाराशी बसली. कोण आहे ही, हे विचारायचं बाईंना सुचलं नाही. त्यांना वाटलं असेल, इथली कुणी काम करणारी.

बाई खेळू लागल्या. जादूगाराने गोड बोलून चहा विचारला, माप घेतलं, अंगरखा चढवला. बाईंच्या आठ्या जरा सैल झाल्या. पूल लागला, तो ओलांडला. बुरुजावर चढल्या. एक बटण गळून पडलं, त्यांनी दुर्लक्ष केलं. मग शेवटच्या दालनात जादूगार समोर आला, अगदी हलकेच त्याने अंगठा आणि मधलं बोट जुळवलं, आणि सर्रकन! अंगरखा, पूल, बुरूज, सेनापतीचं चिलखत, इतक्या वेळात मिळवलेलं एकूण एक उसवत गेलं. बाईंनी "अगं आई!" म्हणून हातातला रिमोट टेबलावर टाकला आणि खुर्ची मागे सरकवली. स्क्रीनवर जादूगार हातात दोरा धरून उभा होता.

बाईंनी स्वतःला सावरलं. केस नीट केले. आठ्या परत जागेवर आल्या. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बरंच सुधारलंय. पण हे असं खेळातच ठीक वाटतं हो. प्रत्यक्षात माणूस इतका बेसावध नसतो, कुणीतरी काहीतरी देतंय म्हटल्यावर बघून घेतो. मला जरा विचार करू दे. कळवते." आणि त्या उठल्या.

'कळवते' या शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. दाढीवाल्याने परत दाढी ओढायला घेतली. बाई दारापर्यंत पोचल्या.

"जरा थांबता का?" आत्या स्टुलावरूनच म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "दोरा लोंबतोय."

ती वाकली. अंगठा आणि मधल्या बोटात तिने कोटाच्या खालचं टोक धरलं, तर्जनी ताठ, आणि सर्रकन ओढलं.

कोटाची अख्खी दुमड गळून खाली आली.

बाईंनी दुमडीकडे बघितलं. आत्याच्या हातातल्या दोऱ्याकडे बघितलं. मग मान वळवून स्क्रीनवरच्या जादूगाराकडे बघितलं, त्याच्या त्या ताठ बोटाकडे. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई आपल्याला फाडून खाणार.

"तुम्ही!" बाई म्हणाल्या. "तो तुम्ही आहात!"

"लांबून आलात," आत्या म्हणाली. "चहा घेणार?"

बाई आधी ओठ दाबून उभ्या राहिल्या, मग फुटल्याच. दाराला टेकून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. "मी बघितलंसुद्धा नाही हो! आणि वर तुम्हाला मनात आशीर्वाद देत आत गेले!"

"बसा आता," आत्याने स्टूल पुढे सरकवलं. "पक्का टाका घालते. अशा बाहेर गेलात तर माझी लाज जाईल." बाई बसेपर्यंत तिने दुमड वळवून टाचण्या लावायलाही सुरुवात केली होती, आणि भोवताली हातभर टाचण्या झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "हं. आता पोरांचं बोलू या."

मला बाबांचा कोट आठवला आणि मी तोंडावर हात दाबून धरला.

"काय बोलायचं आता?" बाई म्हणाल्या. त्यांनी पाय हलवून बघितला आणि तसाच ठेवला. "करा खेळ पूर्ण. पण माझी एक अट आहे. शेवटी हा म्हातारा मरता कामा नये."

"मरतोय कशाला?" आत्या म्हणाली. "अजून खूप काम पडलंय त्याला."

दाढीवाला आणि ठिपकेवाला आतल्या खोलीत जाऊन एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते, ते आम्हाला काचेतून दिसत होतं. मलाही जायचं होतं. पण मी आत्याच्या हातांकडे बघत तिथेच खिळले होते. सुई अंगठा आणि मधल्या बोटात धरलेली. हात सावकाश चालत होता, फार सावकाश. आणि टाके पडत होते ते बारीक, सरळ, एकसारखे. बघता बघता कापडात दिसेनासे होत होते. मघाशी बोटं थकली म्हणून मी दुसरीकडे बघितलं होतं, आणि या बाईने तेव्हा मलासुद्धा फसवलं होतं.

दोरा संपला. तिने गाठ मारून तो दातांनी तोडला आणि रिकामी सुई माझ्यापुढे धरली.

"बघत काय राहिलीस? दोरा ओव," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर त्या मशीनवरची चादर काढ. पहिला तो ठिपक्यांचा पोशाख घेते, फार काचतो बगलेत."